दोन हाका

सोमवार, १४ एप्रिल २०२५. रामनगर

सोनालीचा फोन. सकाळी सव्वासातला, बेळगावातून. "काका, आईला तुम्हीच आणा. माझं ऐकत न्हाई."

आंबेशेतातली सहा घरं गेली. सातवं तिच्या आईचं, माझ्या वैनीचं. पुनर्वसनाच्या कागदावर वैनीनं जानेवारीतच सही केली आहे. जबरदस्ती कुणाची नव्हती. सोनालीनं समजावलं, आणि वैनीनं नीट वाचून घेऊन सही केली — फुलाबाई, चारही अक्षरं सुटी सुटी. सामान न्यायला गाडी २४ तारखेला येणार. आणि आता म्हणते, येत न्हाई. का विचारलं, तर चुलीत फुंकर घालते.

माझ्या घरामागची खोली तयार आहे. पंखा, नळ, मोरी, सगळं. बायको, शांता, म्हणाली, "बंद पडलेल्या पंपाला बोलतं करता म्हणं तुम्ही. आता वैनीला करा बघू."

हसलो. तेहतीस वर्षांत मी आंबेशेतात एक रात्र काढलेली नाही, का ते शांताला काय ठाऊक. दादाच्या वर्षश्राद्धाला जायचं, जेवायचं, हात पुसत परत. कामाचं कारण मला कधी कमी पडलं नाही.


मंगळवार, १५ एप्रिल

पिशवी भरली. शांतानं वैनीसाठी लुगडं दिलं आणि लसणीची चटणी. दुकान पोरांवर सोपवलं. दोनदा गाडीत बसलो, दोनदा उतरलो. उद्या.


बुधवार, १६ एप्रिल. पाण्याकाठचा कॅम्प

गेटवर वनरक्षक नागराजनं वही पुढं केली. नाव, गाव, येण्याचं कारण. माझ्या वरच्या ओळीत कुणीतरी कारण लिहिलं होतं 'धनेश पक्षी'. मी 'पर्यटन' लिहिलं. जन्मलो त्या गावात जायला आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढलं.

आंबेशेताला वरच्या अंगानं जाणारा जुना लॉरीचा रस्ता आता बंद आहे. तो भाग वाघांचा. राहिला पाण्याचा रस्ता, नागराजच्या गस्तीच्या बोटीतून. मला तोच बरा. त्या लॉरीच्या रस्त्यावर मला पाय ठेवायचा नाही.

एप्रिलात डॅमचं पाणी उतरतं. बुडालेल्या झाडांचे काळे बुंधे वर येतात, पाणकावळे त्यांच्यावर पंख वाळत घालतात. आमची भाताची खाचरं कुठल्या दोन बुंध्यांच्या मधे होती, ते अजून बोट ठेवून सांगता येतं मला. पाणी चढलं तेव्हा आमच्या घरातले बाकी सगळे रामनगरला आले. दादा तेवढा डोंगरावर दोन शेतं वर सरकला आणि तिथंच राहिला.

पाणी आणि रान यांच्या मधे गाळाचा पट्टा. वरून वाळलेला, भेगाळलेला, बघायला रस्ता वाटावा असा. हुबळीची एक मंडळी फोटोला त्यावर उतरणार, तोच नागराज ओरडला, "मागं, मागं! वर पापडी आहे साहेब, आत लोणी. गवा जातो त्यात, तुम्ही कोण."

मी दुसरीकडे बघितलं.

बोट सुरू झाली. शंभर हात जाऊ दिली आणि म्हटलं, "नागराज, दोनातला एक सिलिंडर मारत नाही." पान्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. प्लग काढला, काजळी खरवडली, परत बसवला. बोट गोड चालली. नागराज खूश. "एन् किवी री अण्णा निमदु! काय कान, काय कान! मला असा कान असता तर वाघ कुठं बसलाय ते घरी बसून सांगितलं असतं."

कानावरच पोट भरलंय माझं. रामनगरात लोक फोनवर मोटर ऐकवतात आणि मी बेअरिंग की बुश ते सांगतो. इथं मात्र कान नकोसे होतात. वरून धनेश गेला. एवढं मोठं पाखरू, पण पंखांचा आवाज सैल पट्ट्यासारखा, फस्स फस्स. हुबळीची मंडळी माना वर करून बघत होती. मी खाली मान घालून ऐकत होतो.

वैनी काठावर उभी होती. हात हलवला नाही. जवळ गेल्यावर म्हणाली, "पावणं तिकीट काढून आलं म्हणं."

"व्हय वैनी. वाघ बघाय आलोय."

"वाघ न्हाई दिसायचा. म्हातारी दिसंल. चला, पेज निवतीया."


गुरुवार, १७ एप्रिल. आंबेशेत

बाकीच्या सहा घरांची कौलं उतरवून नेलीत. भिंती उभ्या आहेत. कृष्णाच्या अंगणात गव्याचं शेण. त्याच्या फणसाला फणस लागलेत, पिकून पडतात, कुणी खायला नाही. चुकलो. खायला आहेत, माणसं नाहीत. रान घाई करत नाही, पण थांबतही नाही.

आज एक वेगळं बघितलं. दिवस मावळायला आला तशी वैनी उठली. हातातला माडीचा कंद, आमच्याकडचा अळकुडीसारखा, तसाच सुपात टाकला, दोन शेतं उतरून पाण्याकडे गेली. मी पडवीतच बसलो.

ती काठावर उभी राहिली आणि लांब 'ओ' दिली. एकच. "ओऽऽऽ" आणि वळून परत आली. परत सूप घेतलं.

हाक कुणी मारली नव्हती. माझ्या कानांना सांगू नका. पैलतीराचं भेकर ऐकलं मी, पण हाक नव्हती.


शुक्रवार, १८ एप्रिल

नागराज गस्तीवरून चहाला आला. त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"रोजचं आहे अण्णा. मी इथं आलो त्याला नऊ वर्षं झाली. पाऊस असू दे, ताप असू दे, अम्मा येणार, ओ देणार. पहिल्यांदा मी घाबरलो. आता मी त्यावर घड्याळ लावतो."

"डोकं बरं आहे न्हवं तिचं?"

"तुमच्या-माझ्यापेक्षा बरं. मागल्या वर्षी हत्ती कुठनं उतरणार ते अम्मानं सांगितलं, आणि आमच्या कॅमेऱ्यात दोन दिवसांनी आलं."

म्हणजे वेड नाही. दादाची वाट बघते. त्याची हाक तिला ऐकू येते, आणि ती ओ देते. बाकी काय असणार? म्हणून तर जागा सोडत नाही.

हे वाक्य लिहून मघापासून बसलोय. ते लिहिल्यावर पुढचंही लिहायलाच पाहिजे. पंपाच्या कंपनीची डायरी दरवर्षी येते, दरवर्षी भरतो, पण तेहतीस डायऱ्यांत हे पान नाही.

आमच्याकडे रानात नाव घेऊन हाक मारत नाहीत. नाव रानाला कळू द्यायचं नसतं. नुसती 'कूऽऽ' करायची. प्रत्येक घराची कू वेगळी. आमची लांब, आणि शेवटी वर उचललेली. आणि ऐकणाऱ्यानं लगेच ओ द्यायची नाही. आई सांगायची, "ते दोनदाच हाक मारतं. माणूस असंल तर तिसऱ्यांदा मारंल. तिसरी आली की मग ओ द्या." ते म्हणजे काय, कधी कुणी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. मोजायला शिकलो.

मे १९९१. दुसऱ्या दिवशी रामनगरात माझ्या पहिल्या दुकानाचा मुहूर्त. मी दादाला न्यायला आलो होतो. वैनीला आठवा महिना, ती घरी राहणार. बांबूची लॉरी दिवस मावळताना वरच्या रस्त्यानं रामनगरला जायची, ती गाठायची. दादा म्हणाला, "तू म्होरं हो. म्हस पाण्याकडं ऱ्हायलीया, तिला हाकलून घराकडं लावतो आणि आलोच." मी रस्त्यावर येऊन थांबलो. तिथनं पाणी दिसत नाही, साग आडवा येतो. ऐकू मात्र येतं.

पहिली कू आली. मी मोजली. एक.

दुसरी आली. दोन.

आणि त्याच वेळी चढावर लॉरीचा गिअर बदललेला ऐकला. तिसरीची वाट बघितली असती, तर लॉरी गेली असती. मनाला म्हटलं, दोनच झाल्या. मनाला म्हटलं, रानाचं काहीतरी. लॉरीत चढलो. दादा उद्या येईल मागनं.

म्हस सकाळी एकटी घरी आली, मानेपर्यंत चिखल. तेव्हा वैनी धावली. रात्री वरच्या अंगाला वळीव पडला होता, पाणी हातभर चढलं होतं. दादा गाळात कमरेपर्यंत उभा होता. उभाच होता.

मला निरोप दुपारी पोचला. नारळ फोडून झाला होता.

आणि हे शेवटचं, हे आता तरी लिहितो. मोटरीच्या घरघरीतनं बेअरिंग ओळखणारा मी. सख्ख्या भावाचा गळा मला ओळखू आला नाही, असं होईल? पहिल्याच हाकेला ओळखला होता. रान नव्हतं ते. तो दादा होता. मी नियम पाळला, कारण तो मला सोयीचा पडला.


शनिवार, १९ एप्रिल

वैनीचा सोलरचा दिवा दुरुस्त केला. संध्याकाळी तिची ओ ऐकली.


रविवार, २० एप्रिल

आज विषय काढला. पंखा सांगितला, नळ सांगितला. दवाखाना चार पावलांवर. सोनाली दर रविवारी येईल. माझं गिऱ्हाईक असतं तर दोन मोटरी घेऊन गेलं असतं.

वैनी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "खोली बरी असंल. मी वाईट म्हणत न्हाई."

"मग?"

"मी गेल्यावर हितं ओ कोण देणार?"

"कुणाला ओ, वैनी?"

परत कंद सोलायला लागली.


सोमवार, २१ एप्रिल

माझा तोल गेला. तीन दिवस राहिलेत गाडीला. म्हटलं, "दादा गेला वैनी. तेहतीस वर्षं झाली. तिकडनं आता कुणी हाक मारत न्हाई."

तिनं विळती बाजूला सारली. "मला सांगताय भावजी? गाळातनं वर काढलं तवा डोकं माझ्या मांडीवर हुतं."

तोंड उघडलंच ते मिटेना. सगळं सांगितलं. लॉरी, साग, पहिली कू, दुसरी कू. गळा ओळखला होता, तेही सांगितलं. वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. हिशेब चुकता करणाऱ्या माणसासारखा सरळ आवाजात बोललो. वैनीकडं बघितलं नाही. तिच्या हातातल्या कंदाकडं बघत होतो. अर्धा सोललेला, त्याला माती.

तिनं अंगठ्यानं कंदाची माती काढली. मग विचारलं, "किती ऐकल्या तुम्ही?"

"दोन."

"दोनच?"

"दोन. मग लॉरी आली. पुढं आली का तिसरी, देव जाणे. तेवढंच मला तेहतीस वर्षं खातंय, वैनी. तिसरी आलीच नसंल, तर मी नियमानं वागलो. आली असंल, तर..."

वैनीनं तो कंद पुरता सोलला. धुतला. मग उठली. आज तिला पाण्याकडे जायला उशीर झाला होता. अंधूक झालं होतं. तरी गेली. आजची ओ मला बारीक वाटली.


मंगळवार, २२ एप्रिल

सकाळी उठून बघतो तर वैनी बोचकं बांधते आहे.

काय काय घेतलं: पितळी हंडा. दादाची कोयती. बियाण्याचे माडीचे कंद, ओल्या मातीत गुंडाळून. "तुमच्या खोलीमागं हातभर जागा हाय का?" "आहे." "मग बास." दरवाजा काढून नेऊ या म्हटलं, तर नको म्हणाली. "असू दे. कुणी आलं तर आत बसंल."

"कोण येतंय इथं आता?"

"पाऊस येतोय की."


गुरुवार, २४ एप्रिल

चूल वैनीनं स्वतः विझवली. पाणी ओतलं नाही, राखेनं झाकली, हातानं थापली, मूल निजवल्यासारखी.

नागराज बोट घेऊन आला. सामान चार फेऱ्यांत पलीकडे. शेवटच्या फेरीत वैनी काठावर थांबली आणि नागराजला म्हणाली, "बाबा, मावळतीला हितनं गेलास, तर तेवढी ओ देशील का?"

नागराज हसायला गेला. मग हसला नाही. टोपी काढली, परत घातली. "आयतु अम्मा, देतो. माझी ड्यूटी असेल त्या दिवशी नक्की."

"नसंल त्या दिवशी?"

"मग दुसऱ्याला सांगून जाईन."

बोटीत वैनी पाठ करून बसली, पुढं तोंड. मागं मी बघत होतो. सातवं घर एवढंसं झालं. गाळाच्या पट्ट्यावर एक पाणमांजर आलं, पापडीवरून हलकं पळत पाण्यात शिरलं. रुतलं नाही. हलकं असलं की रुतत नाही.

गेटवर वहीत जाण्याची वेळ लिहायची असते. मी दोघांची लिहिली. वैनीच्या नावापुढं 'येण्याची वेळ' हा रकाना रिकामाच राहिला. नागराज म्हणाला, "सोडा अण्णा. अम्मा आली कधी, ती इथलीच."


शनिवार, २६ एप्रिल. रामनगर

वैनीनं कंद लावले. शांता तिच्याभोवती नाचते आहे. सोनाली आली, आईला मिठी मारून रडली, मला म्हणाली, "काका, तुम्ही जादूच केली." मी चहा पीत राहिलो.

मावळतीला मी दुकानातून मुद्दाम लवकर आलो. मागच्या दारी उभा राहून कान दिला. हायवेच्या लॉऱ्या. कुणाचा तरी मिक्सर. वैनीच्या खोलीतून काही नाही. दार लोटलेलं.


रविवार, २७ एप्रिल

आजही काही नाही. जेवली मात्र नीट.


बुधवार, ३० एप्रिल

दुपारी वैनी दुकानात आली. आयुष्यात पहिल्यांदा. पोरं जेवायला गेली होती, मी एकटा मोटरीच्या वायंडिंगवर. म्हणाली, "भावजी, ते मशीन बंद करा."

बंद केलं.

"तिसरी आली हुती. मी अंगणात हुते. तिन्ही ऐकल्या. मला वाटलं, हे तुमच्यासंगं लॉरीनं चालल्यात, तेवढं सांगत्यात. मी 'ओ' दिली. बरं, जावा म्हणून. आणि घरात गेले, कडी घातली." थोडं थांबली. "त्यांनी ऐकली असंल की ती. ओ आली म्हंजी माणूस येतंय. ती एक ओ 'जावा' म्हणून दिली भावजी, म्हणून मग रोज 'आले' म्हणून देत हुते. तुम्हीबी त्येच वझं वाहताय कळलं, म्हणून तुमच्या मागनं हितं आले."

तिला खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. दुकानाचं शटर ओढलं आणि दोघं घरी आलो. मावळतीला मागच्या दारात उभे राहिलो. वैनीनं पदर तोंडाला लावला.

ओ मी दिली.